मोकळ्या काठाला दिलेली शिवी

"आत्या, तुम्ही आजवर किती शिव्या खाल्ल्या असतील?"

"खाल्ल्या?" तानूआत्यानं सुपातल्या मटकीतून एक खडा उचलला आणि पडवीच्या कडेला टाकला. "एकबी न्हाय."

 पाऊण तास एसटीनं आणि वीस मिनिटं चिखल तुडवत पद्माकर इथवर आला होता, तो या एका प्रश्नासाठी. आणि उत्तर हे असं.

"पण बेचाळीस वर्षं तुम्ही ओढ्यावर उभ्या राहताय..."

"ऱ्हाते की. शिव्या दिल्या. घेतल्या. खाल्ल्या कुठं?"

"मग घेतलेल्यांचं काय केलंत?"

म्हातारीनं सूप पाखडलं. फोलकटं उडाली, मटकी राहिली.

"जावईबापू, चहात साखर किती लागती?"

आता हे शिव्यांचं प्रकरण आधी सांगून टाकलं पाहिजे, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटायचं, ही कोण भांडकुदळ बाई.

अलीकडे निंबुडी, पलीकडे हरणवाडी, आणि मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी इकडच्या बायका इकडच्या काठाला येतात, तिकडच्या तिकडच्या. हलग्या सुरू झाल्या की शिव्या सुरू. एरवी नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या बायका त्या अर्ध्या तासात पदर खोचून असं काही बोलतात की पुरुषांनी कानांत बोटं घालावीत. हलग्या थांबल्या की शिव्या थांबल्या. मग घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या. याला तिकडे बार म्हणतात. का करायचा ते कुणी सांगत नाही. करायचा असतो, म्हणून करतात.

नियम दोनच. पाण्यात पाय टाकायचा नाही, आणि हातात काही धरायचं नाही. दगड नाही, काठी नाही, साधा रुमालसुद्धा नाही. कारण हलग्यांच्या दणक्यात शब्द कुणाला ऐकू जातात? शिवी पलीकडे जाते ती हातवाऱ्यांवर.

निंबुडीच्या काठाला बेचाळीस वर्षं पहिला हात उगारते ती तानूआत्या. लग्नानंतर दोन वर्षांत तिचं कुंकू गेलं. भावानं माहेरी आणली, ती इथलीच झाली. त्या भावाची मुलगी निर्मला ही पद्माकरची बायको. म्हणजे पद्माकर हा या घरचा जावई, आणि जावयाला साखर विचारावीच लागते.

"दोन चमचे," पद्माकर म्हणाला.

पद्माकर शेडगेचं तालुक्याच्या गावात औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा तो काउंटरवर शंभर पानी वही उघडून गोष्ट लिहितो. मग ती मोबाइलवर उतरवतो आणि कथा वाचायच्या एका ॲपवर टाकतो. दर गुरुवारी एक भाग. गोष्टीचं नाव 'सुगंधाचं घर'. सुगंधा विधवा. भावांनी गोड बोलून सही घेतली आणि तिला घराबाहेर काढली. एकेचाळीस भाग झाले होते आणि नऊ हजार लोक ते वाचत होते. हा आकडा पद्माकर न विचारता सांगायचा.

बेचाळिसावा भाग शेवटचा. सुगंधा थोरल्या भावाच्या दारात जाऊन उभी राहते आणि बोलते. एवढंच लिहायचं होतं. चार महिने झाले, तेवढंच होत नव्हतं.

कारण, कडूकारलं.

हे एका वाचकाचं ॲपवरचं नाव. खरं नाव काय, गाव कुठलं, बाई की बाप्या, देव जाणे. बाकीचे लोक प्रत्येक भागाखाली लिहायचे, 'अप्रतिम', 'डोळ्यांत पाणी आलं', 'पुढचा भाग लवकर टाका'. कडूकारल्यानं सातव्या भागाखाली लिहिलं होतं: 'तुमची सुगंधा औषध घेतल्यासारखी रडते. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.'

त्याखाली दोनशे बारा हसरे चेहरे.

मग काय, सगळ्यांनाच जोर चढला. कुणी पद्माकरच्या फोटोवर घसरला, कुणी टकलावर. एकजण 'मेडिकलवाल्या, तू आपल्या गोळ्या मोज' म्हणून पुढे गेला. ते पद्माकरला फारसं लागलं नाही. टवाळांची तोंडं कोण धरणार? पण कडूकारलं दर भागाला यायचं, भाग पुरता वाचून यायचं, आणि एकच ओळ लिहून जायचं. नऊ हजार एकीकडे आणि हे एक कारलं एकीकडे. पद्माकरचं जेवण तुटलं. गिऱ्हाइकाला खोकल्याऐवजी मळमळीचं औषध द्यायला निघाला होता, तेव्हा निर्मलानं हात धरला.

एकेचाळिसाव्या भागाखाली कडूकारल्यानं जे लिहिलं, ते तर पद्माकरनं तिलाही दाखवलं नव्हतं.

मोबाइलमध्ये एक निवेदन मात्र तयार होतं. 'काही विकृत प्रवृत्तींमुळे, अत्यंत जड अंतःकरणाने, ही कथा इथेच थांबवत आहे.' नुसतं बटण दाबायचं होतं. दाबलं की सुगंधा जन्मभर दाराबाहेर उभी राहणार होती.

"दाबायच्या आधी आत्याकडे जाऊन या," निर्मला म्हणाली होती. "तिच्याएवढ्या शिव्या जिल्ह्यात कुणी खाल्ल्या नसतील."

म्हणून तो आला होता.

चहा झाला.

"हां. आता सांगा, काय म्हणतोय त्यो मानूस?"

पद्माकरनं मोबाइल पुढे केला.

"मला वाचाय येतंय व्हय? तुमी वाचा."

पद्माकरनं पडद्याकडे पाहिलं. घसा खाकरला. परत पाहिलं.

"म्हणजे... त्याला आवडलेलं नाही."

"त्ये कळलं. म्हणाला काय?"

"वाईट बोललाय, आत्या. फारच... वाईट."

"शब्द काय?"

पद्माकरनं मोबाइल मांडीवर पालथा घातला.

"बरं," तानूआत्या म्हणाली, "ऱ्हाऊ द्या."

"मला एवढंच सांगा, त्याला उत्तर काय द्यायचं? मी काही कालपरवाचा लेखक नाही. नऊ हजार लोक..."

"सांगते. पर आधी माजं एक काम करा. पल्याड हरणवाडीला जाऊन या. गोजराबाईला माजा निरोप द्या."

ही गोजराबाई म्हणजे पलीकडच्या काठाची तानूआत्या. बारात प्रत्येकीची जोड ठरलेली असते. गोजराबाई ही तानूआत्याची जोड. बेचाळीस वर्षं दोघी समोरासमोर. यंदा बाराच्या पंधरा दिवस आधी गोजराबाई मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणली, पण ती काही बाराला आली नाही. हलग्या वाजल्या. तानूआत्यानं हात उगारला. समोर काठावर मोकळी जागा. अर्धा तास ती त्या जागेला शिव्या देत राहिली. घरी आली ती न जेवता झोपली. हे पद्माकरला निर्मलाकडून कळलं होतं.

"काय निरोप?"

तानूआत्यानं सूप बाजूला ठेवलं. मांडी मोडली, पदर खोचला. बसल्या जागी ती वीतभर उंच झाली.

"सांगा तिला... गोजरे, टवळे! मला मोकळ्या काठाला शिव्या द्यायला लावल्यास! तुझ्या चुलीत मांजर व्याली, का तूच चुलीत घुसलीस?"



"आजारी बाईला हे सांगू?"

"जसंच्या तसं. म्हणून दाखवा."

पद्माकरनं म्हणून दाखवलं, औषधाच्या पाकिटावरची सूचना वाचावी तसं.

"शब्द बराबर हाईत," आत्या म्हणाली. "जा. आणि तिनं काय म्हटलं तेबी जसंच्या तसं आणा. जावयाला शिवी देत न्हाईत आमच्यात, न्हायतर ती कशी द्यायची त्ये दाखवलं असतं तुमाला."

पद्माकर निघाला. ओढ्यावर खालच्या अंगाला फरशी आहे. एरवी दोन्ही गावं तिच्यावरून जा-ये करतात. पाय न टाकायचा नियम त्या अर्ध्या तासापुरताच.

चालता चालता तो निरोप घोकत होता. पण सवय वाईट. वर्षभर ॲपवर लिहून त्याला कडा घासायची खोड लागली होती. फरशीपर्यंत 'टवळे' गळालं. मारुतीच्या देवळापर्यंत मांजर गेली. गोजराबाईच्या दारात पोचेस्तोवर निरोप इतका स्वच्छ झाला होता, की शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहावा.

गोजराबाई पडवीत खाटेवर पडून होती. तोंडाचं बोळकं, हात काटकुळे. पायाशी सून लसूण सोलत बसली होती. मंदा तिचं नाव.

"निंबुडीहून आलो. तानूआत्यांनी पाठवलंय."

म्हातारीचे डोळे एकदम उघडले. तिनं मान उचलली.

"तानीनं? काय म्हणती? काय म्हणती तानी?"

"तानूआत्यांनी आपल्या प्रकृतीची विचारपूस केलीय. काळजी घ्या म्हणाल्या."

"आनी?"

"आणि... लवकर बऱ्या व्हा."

म्हातारीची मान हळूच उशीवर गेली. ती आढ्याकडे बघत राहिली. मंदाच्या हातातला लसूण हातातच राहिला.

"असं म्हणाली? तानी?"

"हो."



"मंदे," गोजराबाई म्हणाली, "थोरल्या लेकाला पुण्याला फोन लाव. ये म्हणावं."

"का ओ आई?"

"डाक्तरनं तुमाला काय सांगितलंय, त्ये माझ्यापासनं लपिवलंत. आसू दे. तानीला कळलंय."

"आई, काय बोलताय! डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत काठी धरून चालाल."

"मग तानी ग्वाड का बोलली?"

मंदा पद्माकरकडे बघायला लागली. पद्माकर जमिनीकडे.

"बेचाळीस वर्सांत ग्वाड बोलली न्हाय ती माझ्याशी," म्हातारी आढ्याला सांगत होती. "आमचं मालक गेलं, तवा फरशीवरनं आली. तीन दिस माझ्या शेजारी बसली. मला भाकर भरवली. पर ग्वाड न्हाय बोलली. आज ग्वाड बोलली... म्हंजी भरलं माझं."

तिनं तोंड भिंतीकडे केलं.

"मंदे, वाईच पाणी दे. तुळशीचं पान टाक त्यात."

 औषधाचा धंदा पद्माकरचा. खुब्याचं हाड मोडून भिंतीकडे तोंड केलेली म्हातारी माणसं त्याला ठाऊक होती. त्यांच्या चिठ्ठ्या महिना-दीड महिना दुकानात येतात, मग येत नाहीत. घरचे उरलेल्या गोळ्या परत घ्याल का म्हणून विचारायला येतात.

मंदा खरंच तुळशीकडे निघाली होती.

"थांबा!" पद्माकर म्हणाला. "तसं नाही म्हणाल्या त्या."

भिंतीकडचं तोंड हललं नाही.

"वेगळं म्हणाल्या. मीच जरा... बरं करून सांगितलं."

"काय म्हणाली मग?"

"मला नाही सांगवत."

"पाव्हणं, तुमी निरोप्या हाय का पुजारी?"

 दारातून कुणी ऐकत नाही ना, पद्माकरनं बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गोजरे... टवळे... मला मोकळ्या काठाला..."

"ऐकू यीना. हलगी वाजतीया असं समजा."

आणि काय झालं कोण जाणे, पद्माकर शेडगे, वय बेचाळीस, एकेचाळीस भागांचा लेखक, त्या पडवीत कमरेत वाकला आणि ओरडला:

"गोजरे, टवळे! मला मोकळ्या काठाला शिव्या द्यायला लावल्यास! तुझ्या चुलीत मांजर व्याली, का तूच चुलीत घुसलीस?"

अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मंदानं तोंडाला पदर लावला.

गोजराबाई वळली. हळूहळू, खुबा सांभाळत, पण वळली.

"टवळे म्हणाली?"

"हो."

"मोकळ्या काठाला... म्हंजी माझ्या जागी कोण दुसरी नव्हती?"

"कुणी नव्हतं. अर्धा तास त्या जागेलाच देत होत्या. घरी येऊन जेवल्या नाहीत."

म्हातारीचं तोंड वेडंवाकडं झालं. रडते की हसते, पद्माकरला कळेना. दोन्ही चाललं होतं.

"मंदे, त्ये पाणी वत तुळशीला. आनी उशी लाव माझ्या पाठीला. बसव मला."

"आई, डॉक्टरनी..."

"बसव म्हणते ना!"

मंदानं आणि पद्माकरनं मिळून तिला बसवलं. दुखलं असणार, कारण दोनदा ती कळवळली. मग तिनं दोन्ही हात चादरीतून बाहेर काढले. बोटं पसरली, मनगटं वळवली, एक हात कमरेला आणि दुसरा हवेत. काडीएवढी म्हातारी, पण ओढ्याच्या पलीकडे दिसली असती.

"सांग त्या तानीला! माजी कंबर मोडलीया, जीब न्हाय! पुढल्या सालाला खाटंसकट काठावर यीन. तवर तुजं ते दोन दात सांभाळ, भवाने! दात गेलं तर शिव्या गळत्याल पडवीभर, आनी पुसायला सून बी न्हाय तुला!"

शेवटचं वाक्य पद्माकरच्या अंगावर काटा आणून गेलं. मूलबाळ नसलेल्या बाईला हे...

"हे शेवटचंसुद्धा सांगू?"

"त्येच तर सांगायचंय," गोजराबाई म्हणाली. ती दमली होती. डोळे मिटले तिनं, पण तोंड आता भिंतीकडे नव्हतं. "मंदे, भूक लागलीया."

परतीच्या वाटेवर पद्माकर पुटपुटत होता. देवळापाशी एक शब्द निसटू बघत होता, त्यानं तो धरला. फरशीवर दोघे शाळकरी आडवे आले, त्यांच्यासमोरही तो थांबला नाही. भवाने, दात, पडवी, सून. काही सांडू दिलं नाही.

तानूआत्या तिथंच बसून होती. सूप तिथंच, मटकी तेवढीच. तो गेल्यापासून तिनं एकही खडा उचलला नसावा.

"जिती हाय?" तिनं विचारलं.

पद्माकरनं उत्तर दिलं नाही. अंगणात उभा राहिला आणि ओरडला. जसंच्या तसं. चादर नव्हती तरी झटकली, कंबर वाकवली. 'पुसायला सून बी न्हाय तुला' म्हणताना आवाज कापला, पण म्हणाला.

तानूआत्या ऐकत होती. एकेका शब्दाला तिची मान हलत होती.

"परत एकदा."

त्यानं परत म्हटलं.

"हात कसं केलं तिनं?"

पद्माकरनं एक हात हवेत फिरवून दाखवला. दुसऱ्या हातात मोबाइल होता. तानूआत्यानं त्या हाताकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"तीन हाईत माजं दात," ती म्हणाली. "दोन न्हाईत. मुद्दाम कमी सांगती. बेचाळीस वर्सं अशीच लबाड हाय ती." आणि पदरानं डोळे पुसले. पुसले तरी परत आले. परत पुसले. "सुनंचं काढलं म्हंजी बरी हाय. मरायला टेकली असती तर त्ये न्हाय काढलं तिनं."

पद्माकर उभाच होता. मघाशी तिकडे काय घडवून बसला होता, तेही त्यानं सांगून टाकलं. विचारपूस. काळजी घ्या. तुळशीचं पान. काही लपवलं नाही.

तानूआत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"बस खाली, मेल्या."

पद्माकर बसला. निंबुडीत जावयाला शिवी देत नाहीत, हे त्याला बसल्यावर आठवलं.

"आता बोल. काय म्हणतंय तुजं ते कारलं?"

या वेळी पद्माकरनं घसा खाकरला नाही. मोबाइल डोळ्यांसमोर धरला आणि वाचलं, मोठ्यानं, एकही शब्द न गाळता.

"'लागली पैज. शेवटच्या भागात ही बाई भावाच्या दारात उभी राहील. एकेचाळीस भाग सोसून झाल्यावर तोंड उघडेल आणि म्हणेल, दादा, आपण चुकलात. आणि नऊ हजार माणसं रडतील.'"

तानूआत्या थांबली. अजून काही येतंय का म्हणून वाट बघितली.

"झालं?"

"झालं."

"मग? म्हणणार हाय ती तसं?"

पद्माकरच्या कानशिलांवर लाली चढली.

"वहीत तसंच लिहिलं होतं," तो म्हणाला. "दादा, आपण चुकलात. अक्षरन् अक्षर. त्यानं लिहायच्या दोन दिवस आधी."

तानूआत्या हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"कोण म्हणायची ही बाई?"

"सुगंधा. तरुणपणी नवरा गेला. माहेरी आली. भावांनी सही घेतली आणि घराबाहेर काढली."

मटकीतला म्हातारीचा हात थांबला. तिनं पडवीच्या खांबाकडे पाहिलं. त्या खांबाला टेकून तिचा भाऊ बसायचा, हे निर्मलानं एकदा सांगितलं होतं.

"दारात हुबी हाय?"

"हो."

"कवापासनं?"

"चार महिने झाले."

"आनी भाऊ?"

"आत जेवतोय."

"अगंबाई..." तानूआत्या म्हणाली. तिला राग आला होता, खराखुरा. नाकपुड्या फुलल्या होत्या. "मग काय म्हणती ती?"

"तेच तर... आत्या, तुम्ही असता तर काय म्हणाला असता?"

"मला न्हाय इचारायचं. मला माज्या भावानं घरात घेतलं हुतं. जिला भाईर काढली तिला इचार."

पद्माकरनं तोंड उघडलं. ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं. 'आपण' नव्हतं ते, आणि 'चुकलात' तर नव्हतंच. पहिला शब्द त्याला दिसत होता. वाईट शब्द होता. नऊ हजारांतल्या निम्म्यांना तो आवडला नसता.

तेवढ्यात मोबाइल थरथरला.

पद्माकरची नजर खाली गेली. पडद्यावर नाव होतं, कडूकारलं. चार महिन्यांनी. काय लिहिलंय ते उघडल्याशिवाय दिसत नव्हतं. अंगठा आपोआप त्या नावावर जाऊन थांबला.

"आत्या, त्याचंच आलंय. उघडू? ...काय उत्तर देऊ त्याला?"

तानूआत्यानं सूप मांडीवर ओढलं.

"ते खाली ठेव आधी," ती म्हणाली. "हात मोकळं लागत्यात."